वाटीतील कोथिंबीर आणि पाट्यावरील ठेचा : सात महिन्यांच्या बाळाच्या आहारातील ताज्या पाल्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातल्या एका गावातील आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचे व माणसांची नावे आणि काही किरकोळ तपशील वगळले आहेत. मी या भागातील आरोग्य केंद्रांवर बालआहाराच्या समुपदेशनाचे काम करते. पुढील घटनाक्रमात माझाही एक घाईचा निर्णय आहे, आणि हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले ते मुख्यतः त्यामुळे.

बाळ म्हणजे सात महिने दहा दिवसांची मुलगी. जन्माचे वजन २.८ किलो, या प्रकरणाच्या आधीच्या महिन्यात ७.१ किलो, वाढीच्या आलेखात काळजीचे काही नव्हते. घरात आई, आजी आणि आजोबा. वडील पुण्याजवळच्या एका कारखान्यात नोकरीला असून महिन्यातून एकदा येत. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळ केवळ अंगावरच्या दुधावर होते आणि त्यानंतर उष्टावण करून वरण-भात, नाचणीची पेज व मऊ खिचडी सुरू झाली होती. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी मिळाव्यात, म्हणजे दोन ते तीन वेळा घट्टसर अन्न जावे, अशी अपेक्षा असते. येथे मात्र दोन चमच्यांनंतर बाळ तोंड फिरवी आणि तिसरा घास जिभेने बाहेर ढकली.

आजींचे म्हणणे असे, की अन्नाला वासच नाही तर लेकरू खाईल कशाला. त्यांचे माहेर कास्ती परिसरातील. ज्या गावच्या कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावाजवळचे. "आमच्या येळंला लेकरं कोथमिरीच्या वासावरच जेवायला शिकली, ताई," असे त्या मला पुढे म्हणाल्या. या म्हणण्यात तथ्य आहे. आई गरोदरपणात आणि दूध पाजताना जे खाते त्यातील काही वास गर्भजलातून व दुधातून बाळापर्यंत पोहोचतात, आणि निरनिराळ्या चवींची ओळख लवकर झालेली बाळे पुढे नवे पदार्थ तुलनेने सहज स्वीकारतात. सहा महिन्यांनंतर कोथिंबीर, कढीपत्ता, शेपू किंवा पुदिना यांचा थोडा पाला शिजवलेल्या अन्नात घालण्यास हरकत नसते. मीठ आणि साखर पहिल्या वर्षात टाळावी असे आपण सांगतो, तेव्हा चव आणण्याचा उरलेला मार्ग हाच असतो.

घडलेला प्रसंग

मृगाचा पहिला पाऊस होऊन गेला होता. सोमवारी दुपारी आजींनी मूठभर कोथिंबीर आणि पुदिन्याची पाच-सहा पाने जिऱ्यासह पाट्यावर वाटली, रांजणातील पाणी घालून तो रस पातळ केला आणि त्यातील दोन चमचे कोमट वरण-भातात कालवून बाळाला भरवले. या रसाने रक्त वाढते, असाही त्यांचा हेतू होता.

पाच ते दहा मिनिटांत बाळ जोराने रडू लागले. ओठांभोवती, हनुवटीवर आणि उजव्या गालावर लाली आली. आईने बाळाला लगेच छातीशी घेतले. अर्ध्या-पाऊण तासात लाली ओसरली आणि बाळ झोपले. त्याच रात्री तीन पातळ जुलाब झाले, दुसऱ्या दिवशी पाच. आशा कार्यकर्तीने ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या दिल्या : प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलीलीटर ओआरएस थोडे थोडे करून, आणि झिंक रोज २० मिलिग्रॅम याप्रमाणे १४ दिवस. अंगावरचे दूध चालू ठेवले. ताप नव्हता, शौचात रक्त नव्हते, आणि चौथ्या दिवशी जुलाब थांबले.

घरात मात्र लाली आणि जुलाब या दोन घटनांची गाठ पक्की बसली. आजींच्या शब्दांत "कोथमीर बाधली" आणि आईच्या शब्दांत, जिने तोवर मोबाइलवर बरेच काही पाहिले होते, "बाळाला अ‍ॅलर्जी आहे".

माझा पहिला सल्ला

मंगळवारी आईने फोन केला. तोंडाभोवती लाली आणि नंतर जुलाब एवढे ऐकून मी सांगितले की दोन आठवडे कोणताही हिरवा पाला देऊ नका, मग पाहू. हा सल्ला सावधगिरीचा वाटतो, आणि प्राथमिक पातळीवर काम करणाऱ्या बहुतेकांनी तो असाच दिला असता. फोन ठेवताना मला स्वतःला तो योग्यच वाटत होता.

त्या सल्ल्याचे पुढे काय झाले ते मला दहाव्या दिवशी कळले. आईने पाला बंद केला. घरातील वरणात कोथिंबीर असतेच म्हणून वरण बंद केले. खिचडीच्या फोडणीत कढीपत्ता असतो म्हणून खिचडीही बंद केली. उरले अंगावरचे दूध आणि दुधात कुस्करलेले बिस्कीट. अंगणवाडीतील वजनकाट्यावर बाळ ७.० किलोवर आले होते. जुलाबामुळे थोडे वजन उतरणे समजण्यासारखे आहे, परंतु जुलाब थांबून जवळजवळ आठवडा झाल्यावर ते भरून यायला हवे होते. पाल्याच्या भीतीने डाळ गेली होती, आणि या वयात डाळ जाणे ही कोथिंबीर जाण्यापेक्षा कितीतरी मोठी हानी आहे.

घरभेट

अकराव्या दिवशी मी घरी गेले. आईशी बोलणे झाल्यावर आजींना विनंती केली की त्या दिवशी जे जसे केले, तसे हातवारे करून मला दाखवा. त्यांनी जुडी कुठून आणली येथपासून सुरुवात केली आणि पाट्यापाशी येऊन बसल्या. त्या सोमवारच्या आठच दिवस आधी पाट्याला टाकी लावून (छिन्नीने नव्या खाचा पाडून) घेतली होती. नव्या खाचांमध्ये तांबूस-हिरवट काहीतरी बसलेले स्पष्ट दिसत होते. त्या सोमवारी सकाळी याच पाट्यावर काय वाटले होते, असे विचारल्यावर आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ठेचा. शेतावर भाकरी न्यायची होती न्हवं."

पाटा पाण्याने धुतला होता, असे त्यांनी सांगितले, आणि त्यात खोटे काही नव्हते. पण मिरचीचा तिखटपणा ज्या घटकामुळे असतो तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. टाकी लावलेल्या दगडाच्या खाचांतून तो नुसत्या पाण्याने निघत नाही. सात महिन्यांच्या बाळाच्या ओठांना आणि हनुवटीला लाली यायला त्यातील अंश पुरेसा असतो.

येथे प्रकरण सुटल्यासारखे वाटले, पण ते तसे सुटत नव्हते, कारण मराठवाड्यातील ठेच्यात शेंगदाणे असतात. म्हणजे पाट्यावर मिरचीबरोबर शेंगदाण्याचाही अंश होता, आणि शेंगदाणा हा अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने कोथिंबिरीपेक्षा कितीतरी अधिक दखल घेण्याजोगा पदार्थ आहे. मी आईला विचारले की बाळाने यापूर्वी शेंगदाणा कधी चाखला आहे का. तिने नकार दिला. आजींनी, काहीशा संकोचाने, होकार दिला. भाजलेल्या शेंगदाण्याचा बारीक कूट घातलेली पातळ आमटी त्यांनी आईच्या नकळत त्या सोमवारपूर्वी तीन-चार वेळा चमच्याने दिली होती आणि काही झाले नव्हते. एरवी अशी लपवाछपवी ऐकून मला राग आला असता. त्या दिवशी या माहितीने शंकेचा मोठा भाग दूर केला.

दुसरा धागा पाण्याचा होता. गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते, मध्ये बोअर किंवा टँकर. २०१६ मध्ये ज्या जिल्ह्याच्या मुख्यालयाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे पाणी साठवून ठेवणे हा निष्काळजीपणा नसून नाइलाज असतो. ग्रामपंचायतीकडे जिवाणू तपासण्याच्या एच२एस बाटल्या होत्या. एका बाटलीत बोअरचे आणि दुसरीत रांजणातले पाणी भरून ठेवले. दोन दिवसांनी रांजणाची बाटली काळी पडली, बोअरची पडली नाही. पाणी स्रोतात नव्हे, साठवणीत दूषित होत होते. रांजणात तांब्या बुडवणारे हात अनेक होते.

विचारात घेतलेले पर्याय

केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर मी हे सारे मांडले आणि आम्ही चार मार्गांचा विचार केला.

पहिला मार्ग म्हणजे वर्षाचे होईपर्यंत कोथिंबीर बंद ठेवणे. यात तत्काळ धोका नाही. म्हणूनच तो मोहात पाडतो. परंतु कोथिंबीर, जिरे, ओवा, बडीशेप, शेपू आणि गाजर ही एकाच कुळातील आहेत. एकदा "अ‍ॅलर्जी" हा शब्द बाळाला चिकटला की हळूहळू या सगळ्यांवर फुली पडते, आणि मराठवाड्यातील स्वयंपाकघरातून हे सगळे वजा केल्यास बाळाच्या ताटात काय उरते ते आम्ही दहा दिवसांत पाहिलेच होते.

दुसरा, लातूरला पाठवून त्वचेची किंवा रक्ताची अ‍ॅलर्जी चाचणी करणे. अशा चाचणीचा उपयोग लक्षणे संशयास्पद असतील तेव्हा होतो. लक्षणांचा मेळ नसताना केलेली चाचणी नुसती संवेदनशीलता (प्रत्यक्ष त्रास होत नसतानाही चाचणीत दिसणारी प्रतिक्रिया) दाखवून गोंधळ वाढवू शकते. येथे अंगावर गांधी उठल्या नव्हत्या, ओठ किंवा पापण्या सुजल्या नव्हत्या, उलटी नव्हती, श्वासाला घरघर नव्हती. जेथे अन्न लागले तेवढ्याच जागी सपाट लाली आली आणि पाऊण तासात गेली. यांपैकी एखादे लक्षण असते, तर आम्ही घरी किंवा केंद्रात काहीही करून पाहिले नसते आणि बाळाला थेट तज्ज्ञाकडे पाठवले असते.

तिसरा मार्ग घरीच पुन्हा सुरुवात करण्याचा. आजींचा कल याकडे होता, आईचा ठाम विरोध. चौथा, पहिला चमचा केंद्रात, सकाळच्या वेळी, वैद्यकीय अधिकारी हजर असताना देण्याचा. वैद्यकीय दृष्टीने तिसरा मार्गही चालला असता असे मला वाटते. चौथा निवडला तो आईसाठी : तिच्या डोळ्यांसमोर आणि डॉक्टरांच्या उपस्थितीत काही झाले नाही, तर वरण-भात त्याच दिवशी परत सुरू होणार होता.

केलेली कृती

डाळ आणि खिचडी मात्र यासाठी थांबवली नाही. घरभेटीच्या संध्याकाळीच, बाळापुरते वेगळे काढलेले, पाला न घातलेले तूरडाळीचे वरण तुपासह सुरू केले. आठवड्यातून दोनदा एक मिलीलीटर द्यायचे लोहाचे औषध जुलाबात थांबले होते, तेही पुन्हा चालू केले. आजींना हे सांगणे आवश्यक होते, आणि थोडे कठीणही, की दोन चमचे कोथिंबिरीच्या रसाने रक्त वाढत नाही. रक्तासाठी लोहाचे औषध, डाळी आणि घरात चालत असल्यास अंडे हवे; कोथिंबीर चवीसाठी. त्यांना ते पटले की नाही हे त्यांनी सांगितले नाही, पण मान हलवली.

चार दिवसांनी केंद्रात पहिला प्रयोग झाला. घरून आणलेल्या वरणात कोथिंबिरीची तीन पाने बारीक चिरून दोन मिनिटे उकळली होती. दुसरे काही नवे नव्हते. अर्धा चमचा दिला, दहा मिनिटे थांबलो, मग उरलेले वाटीभर वरण-भात. दोन तास बाळाला तेथेच ठेवले. काही झाले नाही. पुढील तीन दिवस घरी तोच पदार्थ, तेवढाच पाला, दुपारच्या आत, म्हणजे काही दिसलेच तर दिवसाउजेडी दवाखाना गाठता यावा.

यापुढची पद्धत आजींबरोबर बसून ठरवली, कारण हात त्यांचे होते. बाजारातली जुडी प्रथम पसरून पान-पान निवडायची. आपल्याकडे गाजरगवताची कोवळी रोपे कोथिंबिरीच्या व शेपूच्या जुडीत सहज मिसळतात, त्यांची पाने दिसायलाही जवळची, आणि गाजरगवत त्वचेला व श्वासाला त्रासदायक आहे. मुळे व मातीचे देठ कापून टाकायचे. पाला चाळणीत ठेवून वरून पाणी ओतण्याऐवजी पातेल्यात बुडवून हलवायचा आणि पाणी ओतून न देता पाला वर उचलून घ्यायचा, म्हणजे तळाशी बसलेली माती पुन्हा पाल्यावर येत नाही. असे तीन वेळा, शेवटचे पाणी उकळून गार केलेले. पाणी मोजके असलेल्या घरात तीन पाणी म्हणजे चैन वाटते, म्हणून ती पाणी परसातील कुंडीला घालायची ठरले. धुण्याने सर्व जंतू जात नाहीत. ते काम उकळीचे. मोठ्यांच्या ताटात आपण कोथिंबीर वरून भुरभुरतो, तशी बाळाच्या वाटीत भुरभुरायची नाही, उकळत्या वरणात घालायची.

वाटायचे नाही, हे मी विशेष ठामपणे सांगितले. बाळासाठी पाटा नको आणि ज्यात चटणी होते ते मिक्सरचे भांडेही नको. सुरी आणि चिरायची वेगळी फळी पुरते. कढीपत्त्याचे अखंड पान टाळूला चिकटते किंवा घशात अडकते, त्यामुळे ते फोडणीतून काढून टाकायचे किंवा वाळवून कुस्करून बारीक चाळून घ्यायचे. शिजवलेला पाला दुपारसाठी किंवा रात्रीसाठी राखून ठेवायचा नाही : पालेभाज्यांत नैसर्गिक नायट्रेट असते, आणि शिजवलेले अन्न उबेत राहिले की जिवाणूंमुळे त्याचे नायट्राइट होऊ शकते, जे तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करते. सहा महिन्यांनंतर आणि चिमूटभर पाल्याने हा धोका फार थोडा असतो, परंतु याच बाळाची पेज बोअरच्या पाण्यात शिजत होती. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची भारतीय मानकांनुसार मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. म्हणून बोअरच्या पाण्याची रासायनिक तपासणीही करून घेतली. नायट्रेट मर्यादेत निघाले. रांजणाला झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे आले.

एक सीमारेषा स्वतंत्रपणे आखावी लागली. पाला चालतो असे ऐकल्यावर आजींनी विचारले, "मग गुटीबी चालंल की." अन्नात शिजवलेला चिमूटभर पाला आणि सहाणेवर उगाळलेले औषध या दोन भिन्न गोष्टी आहेत. गुटीतील वेखंडात असलेल्या एका घटकाच्या विषारीपणामुळे अमेरिकेत १९६८ पासून वेखंड अन्नात वापरण्यास बंदी आहे. जायफळ जास्त झाल्यास बाळ गुंगीत जाते. पुदिन्याचे शिजवलेले पान निराळे आणि पुदिन्याचा अर्क किंवा पेपरमिंटचे तेल निराळे. त्यातील मेंथॉलमुळे तान्ह्या बाळाचा श्वास अडखळू शकतो, म्हणून ते पोटातही नको आणि नाकाजवळही नको. कडुनिंबाचे तेल पाजल्याने लहान बाळांच्या मेंदूला व यकृताला गंभीर इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. तुळशीचा रस खोकल्यावर मधातून देतात. मध वर्षाच्या आत देऊच नये, कारण त्यातील बोटुलिझम या गंभीर विषबाधेचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढू शकतात.

परिणाम

तीन आठवड्यांत बाळ दिवसातून तीन वेळा अर्धी वाटी खाऊ लागले आणि वजन ७.५ किलो झाले. हे श्रेय कोथिंबिरीचे नाही. डाळ, तूप आणि वेळेवर भरवणे यांचे आहे. कोथिंबिरीने एवढे केले की जेवण घरातील इतरांच्या जेवणाच्या वासाचे झाले आणि बाळ तोंड उघडू लागले. त्यानंतर प्रत्येकी चार-पाच दिवसांच्या अंतराने जिरे, कढीपत्त्याची पूड आणि शेपू आले. शेपूला बाळाने सात वेळा नकार दिला आणि आठव्या वेळी खाल्ले. मेथीचा कोवळा पाला नवव्या महिन्यात दिला. मेथी शेंगदाणा-हरभऱ्याच्या कुळातील असल्याने शेंगदाणा निर्धास्तपणे पचतो आहे याची खात्री त्याआधी करून घेतली होती. पुदिना बाळाला आवडला नाही आणि तो विषय आम्ही सोडून दिला.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या फोनवर मी "काय दिले" एवढेच विचारले. "कशावर वाटले, कोणत्या पाण्यात, त्याआधी तेथे काय होते" हे विचारले असते तर दहा दिवस वाचले असते. फोनवर हे प्रश्न विचारायला पाच मिनिटेही लागत नाहीत. लालीचा फोटो आईने काढला होता आणि मी तो मागितला नाही.

"पाला बंद" असे सांगताना "वरण-भात चालूच ठेवा" हे त्याच वाक्यात यायला हवे होते. काय बंद करायचे ते आपण सांगतो आणि काय चालू ठेवायचे ते गृहीत धरतो; ऐकणाऱ्या घाबरलेल्या आईच्या मनात मात्र बंदीची यादी वाढत जाते. आता मी अशा वेळी चालू ठेवायच्या पदार्थांची नावे आधी सांगते आणि ती माता-बाल संरक्षण पत्रिकेत लिहून देते.

आजींशी मी अकराव्या दिवशी बोलले, ते पहिल्या दिवशी व्हायला हवे होते. शेंगदाण्याची माहिती केवळ त्यांच्याकडे होती, आणि ती त्यांनी आईसमोर दिली यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. ती त्यांना एकट्यात विचारायला हवी होती, हे मला नंतर सुचले.

जुलाबाचे कारण कच्चा पाला, रांजणाचे पाणी की हात, हे वेगळे काढता आले नाही, कारण आम्ही तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात बदलल्या. बाळाच्या दृष्टीने ते योग्यच होते.

अकराव्या महिन्यातील भेटीत नवी अडचण समोर आली. पाला धुतलेले पाणी ज्या कुंडीला जात होते, त्यात आजींनी धने पेरले होते. बाळ रांगत जाऊन कोथिंबीर मातीसकट उपटते आणि तोंडात घालते, अशी आईची तक्रार होती. कुंडी त्याच दिवशी गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवली.